ऑटिस्टिक मूल शाळेत जाईनासं होतं तेव्हा: एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

एका तालुक्याच्या गावातल्या आईनं विचारलंय. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत. पाच वर्षांचा असताना ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. बोलतो, वाचतो, गणितात वर्गाच्या पुढे आहे. एसटीच्या पाट्या आणि वेळापत्रकं तोंडपाठ. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र शाळा जवळजवळ बंद पडली आहे. सकाळी पोटात दुखतं, उलटी होते, गणवेश अंगाला लावू देत नाही. एकदा उचलून रिक्षात बसवला, तर रिक्षावाल्या काकांच्या हाताला कडकडून चावला. वर्गशिक्षिका म्हणतात, "शाळेत तर अगदी शांत असतो, घरीच नाटकं करतो." बाबांना वाटतं थोडं कडक व्हायला हवं, आजींना वाटतं लाडावून ठेवलाय. शाळेनं सुचवलंय की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या मदतीला बसणारी व्यक्ती आणा, नाहीतर दाखला घेऊन जा. आईचा प्रश्न: जबरदस्तीनं पाठवू की घरी ठेवू? आणि नोकरी सोडू का?

ताई, मी विशेष शिक्षिका आहे. बरीच वर्षं शाळेत संसाधन कक्ष (विशेष गरजा असलेल्या मुलांना मदत करणारी खोली) सांभाळला, आता घरी जाऊन पालकांबरोबर आणि मुलांबरोबर काम करते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तुमच्यासारखाच असतो. पण पाठवायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट शोधायला हवी: शाळेतलं नेमकं काय त्याला झेपेनासं झालंय? ते कळल्याशिवाय पाठवलंत तरी तो पुन्हा बंद पडेल, आणि घरी ठेवलंत तर काही महिन्यांनी आणखी अवघड जागेवर याल.

लिहिण्याआधी हे सांगते की मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. तो स्वतःचा त्रास कितपत सांगू शकतो, शाळा किती ऐकून घेते, घरात दुसरं कुणी दिवसा थांबू शकतं का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे खालचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं धरू नका.

आधी शरीर. पोटदुखी खोटी नाही. भीतीनं आतडी आवळतात, मळमळतं, उलटी होते; हे मोठ्या माणसांनाही होतं. पण "टेन्शनचं आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. ऑटिस्टिक मुलांमध्ये बद्धकोष्ठता आणि झोपेच्या तक्रारी खूप आढळतात, आणि दोन्हींमुळे सकाळ अवघड होते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रविवारी आणि सुट्टीतही पोट दुखतं का, वजन घटलंय का, झोप किती वाजता लागते, हे लिहून न्या. मध्येच टक लावून हरवल्यासारखा होत असेल तर तेही सांगा, कारण ऑटिझमसोबत फिट्सचा आजार असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं.

एक छोटी गोष्ट आजपासून करता येईल. तो शाळेत गेला, तर घरी आल्यावर पाण्याची बाटली हातात घेऊन बघा. सकाळी भरली तेवढीच जड असेल, तर तो दिवसभर पाणी पीत नाही. बहुतेकदा त्याचं कारण शाळेचं स्वच्छतागृह असतं. फिनाइलचा आणि लघवीचा वास, ओली फरशी, दाराला कडी नाही, बाहेरून मुलं ढकलतात. जाणं टाळायचं म्हणून मूल पिणंच टाळतं. मग दुपारी डोकं दुखतं, शौचाला खडा होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखतं. माझ्याकडच्या एका मुलीच्या बाबतीत "शाळेत जायचं नाही" या वाक्याच्या मुळाशी एवढंच होतं. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिला वापरू दिली, आणि महिन्याभरात ती पूर्ण वेळ बसू लागली. सगळ्यांचं इतकं सरळ निघत नाही, पण शोध असाच बारीक घ्यावा लागतो.

आता "शाळेत शांत असतो" याबद्दल, कारण या एका वाक्यानं कितीतरी आयांना खोटं पाडलं जातं. वर्गात शांत बसलेलं ऑटिस्टिक मूल निवांत असतंच असं नाही. आवाज, गर्दी, बाकावर अंगाला अंग लागणं, कुणी काय बोललं याचा अर्थ लावणं, हात हलवायची उबळ दाबून धरणं, हे सगळं ते सहा तास ओढून नेतं. घरी आपली माणसं दिसली की ते आवरणं संपतं आणि सगळं बाहेर येतं. म्हणजे बाईंना दिसतं तेही खरं आणि तुम्हाला दिसतं तेही खरं. बाईंशी वाद घालू नका. त्यांना सांगा, "तो तुमच्याकडे स्वतःला सावरून धरतो, त्याला किती दमायला होतं ते घरी दिसतं." शिक्षिकेला दोष दिला जात नाहीये हे कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

दिवाळीनंतरच का बिघडलं, याचा मी असा विचार करते. तिसरीत परिसर अभ्यासासारखा नवा विषय येतो, फळ्यावरून उतरवून घेणं आणि प्रश्नोत्तरं लिहिणं वाढतं. गणितात हुशार असलेल्या मुलाचीही लिहिताना बोटं दुखत असू शकतात, आणि वही अपुरी राहिली की मधली सुट्टी जाते. पहिलं सत्र त्यानं कसंबसं रेटलं असेल. सुट्टीत अंगाला आराम मिळाला आणि मग परत त्याच ओझ्याखाली जायचं म्हटल्यावर शरीरानंच नकार दिला. त्यात दुसऱ्या सत्रात क्रीडासप्ताह, स्नेहसंमेलनाच्या तालमी, मैदानावर कर्णे, नाचाची गाणी दहा-दहा वेळा. वेळापत्रक रोज मोडतं. बाई तालमीला गेल्या की ऑफ तास, आणि ऑफ तासाला वर्गात काय गोंगाट असतो ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ज्या मुलाला एसटीच्या वेळा पाठ असतात, त्याला पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच आधार वाटतो. तो आधारच जातो.

हे माझे अंदाज आहेत. खरं काय ते तुम्हाला मुलाकडून आणि शाळेकडून मिळवायचंय. "का जायचं नाही?" असं थेट विचारू नका. याचं उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही, आणि रोज विचारलं की तो आणखी मिटतो. त्याऐवजी त्याच्या आवडीचा आधार घ्या. शाळेचा दिवस एका लांब कागदावर एसटीच्या मार्गासारखा काढा: घर, रिक्षा, फाटक, परिपाठ, पहिला तास, मधली सुट्टी, डबा, शेवटचा तास, घर. प्रत्येक थांब्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग त्याला देऊ द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा. रंग दिला की "इथे काय असतं?" एवढंच. एका बैठकीत होणार नाही, होऊ द्या तसंच. मी हा कागद खूप वापरते, आणि पालकांच्या अंदाजाबाहेरचा एक तरी थांबा लाल निघतोच. कधी रिक्षात मांडीला मांडी लावून बसणं, कधी डब्याच्या वेळी बारा भाज्यांचे वास, कधी घंटा, जी नेमकी त्याच्या वर्गाच्या दाराबाहेर टांगलेली असते.

इथे एक गंभीर बाब. मूल अचानक बदललं असेल, एखाद्या ठरावीक माणसाला, रिक्षाला किंवा जागेला घाबरत असेल, कपडे काढू देत नसेल, अंगावर खुणा असतील, तर मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार झाला असण्याची शक्यता धरूनच चला. तुमच्या मुलानं गणवेशाला आणि रिक्षाला दोन्हीला विरोध केलाय. त्याचं कारण कापडाची टोचणी आणि रिक्षातली दाटी असू शकेल, पण ही शक्यता तपासल्याशिवाय बाजूला ठेवू नका. उत्तर त्याच्या तोंडी घालणारे प्रश्न विचारू नका, तो म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि शंका असेल तर डॉक्टर, पोलीस किंवा १०९८ ही बालकांची हेल्पलाइन यांच्याकडे लगेच जा. शिक्षकानं मारणं किंवा मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार सरळ मनाई आहे.

आता तुमचा प्रश्न. उचलून नेऊ नका. तो चावला तेव्हा वाईट वागायचं म्हणून चावला नाही. सुटकेचा दुसरा मार्ग उरला नव्हता. अशा अवस्थेत नेलेलं मूल त्या दिवशी शाळेत पोचतं, पण शाळा धोक्याची जागा आहे ही खूणगाठ आणखी घट्ट होते. शिवाय घरची माणसंही आपलं ऐकत नाहीत हे त्याला कळतं, आणि पुढचा नकार याहून मोठा असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला उचलता येत नाही, हेही लक्षात घ्या.

पण "बघू, उद्या जाईल" असं करत घरी ठेवणंही मला पसंत नाही. रोज सकाळी "आज जायचं का?" ही ओढाताण त्याला शाळेइतकीच थकवते. त्यापेक्षा ठरवून थांबा. कॅलेंडरवर दोन आठवड्यांना खूण करा आणि सांगा, "या दिवसांत शाळा नाही. या तारखेला आपण ठरवू." शाळेला लेखी कळवा, शक्य असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. या काळात अभ्यासाचा लकडा नको. उठणं, अंघोळ, जेवण आणि झोप यांच्या वेळा मात्र सांभाळा, रोज एकदा बाहेर पडा, मग तो बसस्टँडवर अर्धा तास उभं राहणं का असेना.

घरी कंटाळा यावा म्हणून आवडत्या गोष्टी काढून घ्या, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. जे मूल मजा करायला शाळा बुडवतं, त्याच्यासाठी तो सल्ला असतो. तुमचा मुलगा एसटीच्या पाट्या काढतो तेव्हा त्याचं डोकं शांत होत असतं. ते काढून घेतलंत तर सावरायचं साधनच काढून घ्याल. शाळेत गेल्याबद्दल चांदण्या चिकटवायचे तक्ते, "पाच दिवस गेलास तर सायकल" हेही नको. बक्षीस असतं ते मन वळवण्यासाठी. इथे मन नाही अडलेलं, कुवत संपली आहे. सायकल हवीशी असूनही जाता येत नाही, म्हणजे त्याच्या मते तोच वाईट. मोबाईलबद्दल माझं मत जरा मवाळ आहे: वेळ ठरवून द्या, पण या दोन आठवड्यांत तीच लढाई उभी करू नका.

त्या दोन आठवड्यांत खरं काम तुमचं आणि शाळेचं. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांची एकत्र भेट मागा. रंगवलेला कागद घेऊन जा आणि लाल थांब्यांपुरतंच बोला. "याला समजून घ्या" असं म्हणून काही बदलत नाही. नेमकं मागितलं तर शाळा बऱ्याचदा देते. परिपाठ संपल्यावर बाजूच्या दारानं आत येणं. भिंतीकडेचा, दाराजवळचा, पंख्याच्या आवाजापासून लांबचा बाक. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, किंवा निम्मीच उत्तरं. गणवेशाच्या आत मऊ बनियन, कॉलरचं लेबल कापलेलं. कानावर लावायचे आवाज कमी करणारे मफ. तालमीच्या तासांना वाचनालय. रोजच्या बदलाची सूचना आदल्या दिवशी तुमच्या मोबाईलवर. आणि एक कार्ड, जे बाकावर ठेवलं की काही न विचारता त्याला ठरलेल्या जागी जाता येईल.

ठरलेल्या जागी एक ठरलेलं माणूस हवं. ते शिक्षकच असावं असं नाही. मी कितीतरी शाळांत पाहिलंय की हे काम मावशी सर्वांत छान करतात. त्या फार प्रश्न विचारत नाहीत, शेजारी स्टूलवर बसून आपलं काम करतात, आणि मूल दहा मिनिटांत शांत होतं. तुमच्या शाळेतल्या मावशींशी स्वतः जाऊन बोला, मुलाची ओळख करून द्या.

मग परतीचा रस्ता. पहिल्यांदा शाळा सुटल्यावर किंवा रविवारी, कुणी नसताना जा. वर्ग, बाक, स्वच्छतागृह, ठरलेली जागा बघून या. नंतर त्याच्या हिरव्या थांब्यापासून सुरुवात करा. गणिताचा तास हिरवा असेल तर फक्त गणिताचा तास, तुम्ही सोडायचं, तुम्हीच आणायचं. रिक्षा सध्या नको. तो "अजून थोडा थांबतो" म्हणाला तरी सुरुवातीला ठरल्या वेळी निघा. बरं वाटत असताना बाहेर पडल्याचा अनुभव त्याला पुष्कळ वेळा मिळायला हवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेळ वाढवलात तर विषय वाढवू नका. सोमवारी, आजारपणानंतर, लग्नाहून परतल्यावर मागे सरकेल, ते धरूनच चला. हे किती महिने चालेल हे सांगणं शक्य नाही. काहींचं एका सत्रात होतं, काही मुलं वर्षभर अर्धा दिवसच जातात आणि त्यावर त्यांचं छान चालतं.

शॅडो टीचरबद्दल. चांगली व्यक्ती असेल तर उपयोग होतो, पण सतत शेजारी बसून "लिही, बघ, गप्प बस" करणारी व्यक्ती मुलाचा त्रास वाढवते. आणि कारण न शोधता शॅडो टीचर आणली तर घंटा तीच, वास तोच. "आणा नाहीतर दाखला घ्या" या म्हणण्याला घाबरून दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नं ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली त्यांत ऑटिझम आहे, आणि त्याच्या कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या असतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करा. तपासणीत आयएसएए ही भारतात तयार झालेली ४० मुद्द्यांची चाचणी वापरतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं, तर ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेच्या भेटीला बोलवा. मुख्याध्यापकांना तेच म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकलेलं पटतं.

शाळा बदलावी का? वर्गात साठ मुलं असणं हेच कारण निघालं आणि शाळा काहीच हलवायला तयार नसेल, तर लहान पटाची शाळा बघा. जिल्हा परिषदेची कमी पटाची शाळा आणि एक समजूतदार गुरुजी, यावर छान उभी राहिलेली मुलं माझ्या माहितीत आहेत. कारण न कळता बदललीत तर तोच त्रास नव्या इमारतीत सुरू होईल. काहीच जमलं नाही तरी पुढे मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तो कमीपणा मानू नका, पण आठव्या वर्षी तिथवर जायची घाईही नको.

बाबांशी आणि आजींशी वाद घालत बसू नका. बाबांना एक दिवस मधल्या सुट्टीच्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात वीस मिनिटं उभं राहायला सांगा, आणि रंगवलेला कागद मुलाकडून समजून घ्यायला सांगा. आजींना एक काम द्या, जे त्याला आवडतं आणि ज्यात बोलावं लागत नाही: शेंगा सोलणं, वाती वळणं. घरच्या माणसाची समजूत अशी हळूहळू बदलते.

नोकरी आत्ता सोडू नका. हे दोन आठवडे रजा, मग आळीपाळीनं बाबा, आजी, शेजारची एखादी ओळखीची ताई, असं जोडून बघा. परतीचा अंदाज एका सत्रानंतर येईल. तोवर घरातला एक पगार आणि तुमचं घराबाहेरचं जग दोन्ही तुम्हाला लागणार आहे.

थोडक्यात क्रम असा: डॉक्टर, सुरक्षिततेची तपासणी, जाहीर विश्रांती, रंगवलेला कागद, शाळेची भेट, एका तासापासून परत. शाळेच्या भेटीत तोंडी जे ठरेल ते त्याच दिवशी लेखी द्या. मी पालकांना असा मजकूर देते:

"माझा पाल्य इयत्ता तिसरीत शिकत असून त्याला ऑटिझम आहे. आजच्या भेटीत ठरल्याप्रमाणे तो परिपाठानंतर शाळेत येईल, सध्या फक्त गणिताच्या तासाला बसेल, आणि गरज भासल्यास वाचनालयात जाऊ शकेल. या सोयी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार मिळाव्यात, ही विनंती. पुढील भेट दोन आठवड्यांनी व्हावी."

खाली पाल्याचं नाव, तुकडी, तुम्हा दोघांच्या सह्या आणि तारीख. दोन प्रती न्या, एक कार्यालयात द्या, आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शाळेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.